मेणाच्या पोटातली तार

मधपेटीच्या चौकटीला कोणती तार लावावी, या प्रश्नावर माणूस अख्खा रविवार घालवू शकतो, आणि बेंगळुरूसारख्या गावात तर मोठ्या सुखाने. सादर पत्रप्पा रस्त्यावरच्या दुकानांत तारांची रिळं छतापर्यंत रचलेली असतात. "एनक्के सार?" दुकानदार विचारतो. कशासाठी हवी? "जेनु," असं म्हटलं की तो आपल्याकडे थोडा वेळ नुसतं बघतो. मोटारीच्या वाइंडिंगला तार नेणारी माणसं त्याला रोज भेटतात. माश्यांसाठी नेणारं हे नवीनच.

मग सुरू होतो तारेच्या स्वभावाचा विचार. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त, पण मध जिभेला कितीही गोड लागला तरी जातीचा आम्ल. तो जस्ताला हळूहळू खातो. तांब्याचंही तेच. स्टेनलेस स्टील गंजायचं नाव घेत नाही, पण घराण्याचा ताठा फार. पीळ दिला की उलगडणार आणि ताणली की लाकडात रुतणार, म्हणून भोकांना पितळी आयलेट बसवायची. नायलॉनच्या दोऱ्यातून वीज जात नाही, म्हणजे बॅटरी लावून तो तापवता येत नाही. कथलाचा मुलामा दिलेली लोखंडी तार मात्र सोशिक. बारा व्होल्टच्या बॅटरीची टोकं क्षणभर टेकवली की ती तापते, चौकटीतला मेणपत्रा तिच्याभोवती वितळतो आणि ती निमूटपणे मेणात उतरते. जास्त वेळ टेकवली तर पत्र्याचे दोन तुकडे.

तार पुरेशी ताणली की नाही, हे टिचकी मारून कळतं. बाळेपेटेतल्या वाद्यांच्या दुकानांवरून जाताना मला म्हणूनच थोडं अपराधी वाटतं. लहानपणी मिरजेत एक कारागीर तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी लावताना पाहिला होता. मान कलती, डोळे मिटलेले, आणि अख्खं दुकान त्या एका स्वराची वाट बघत थांबलेलं. माझ्या चौकटीही कधीकधी सुरात बोलतात. फरक इतकाच की त्या मैफलीत मेण ओतून तार कायमची गप्प करायची असते.

एवढी यातायात कुणासाठी? माशीसाठी खचितच नव्हे. शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या माश्यांनी हातभर रुंदीचं पोळं टांगलंय. मध, पिल्लं, माश्या, सगळा भार नुसत्या मेणावर. त्यात तारेचा एक धागाही नाही. तार लागते ती आपल्याला. १८५७ साली जर्मनीत मेहरिंगने षट्कोन उमटवलेला मेणाचा पत्रा काढला, १८६५ साली ह्रुश्काने पोळं गरगर फिरवून मध काढणारं यंत्र दाखवलं, आणि पोळं पिळून टाकण्याऐवजी रिकामं करून परत देण्याची सोय झाली. फिरताना ते मोडू नये म्हणून पोटात तार. चोराने कपाट उघडताना बिजागरीला तेल घालावं, तसं काहीसं हे सौजन्य आहे.

माशीला त्या सौजन्याचं कौतुक नाही. माझ्या गच्चीवर सातेरी माशी आहे. युरोपीय मेलिफेरा माशीसाठी छापलेला मोठ्या घरांचा पत्रा तिला चालत नाही; तिचं माप त्याहून लहान. पोळं जुनं, काळं झालं की ती ते स्वतःच कुरतडून खाली टाकते. पेटी उघडावी तर मेण गायब, आणि इतक्या चिकित्सेने निवडलेली तार उघडीवाघडी, थोडी ओशाळल्यासारखी. तिच्या बाजूला नवं पांढरं पोळं सुरू झालेलं असतं, तारेला मुद्दाम वळसा घालून.

आणि खरं सांगायचं तर दक्षिणेतली माझी ही न्यूटन पेटी, गेल्या शतकाच्या आरंभी तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी सातेरीच्या बेताने केलेली, इतक्या लहान चौकटींची आहे की तिला अनेक मधपाळ तार लावतच नाहीत. हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण बिनतारेच्या चौकटीला टिचकी कुठे मारायची?