महामारीत आत्मोन्नती कशी साधावी: बाजारकुणंग पद्धत

पुढची महामारी येईल तेव्हा आत्मोन्नतीची संधी हुकू नये, म्हणून ही मार्गदर्शिका. 2020 साली फार घाई झाली. 24 मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि बारा वाजता देश बंद. चार तासांत माणूस किराणा भरणार की अंतर्मुख होणार? बरेच जण मग डालगोना कॉफी घुसळण्यापाशीच अडकले.

आधी जागा निवडा. मुक्काम बाजारकुणंग, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड. काळी नदी ज्या डिग्गीजवळ उगम पावते, त्याच भागातलं हे गाव. इथे अंतर राखायला खडूचे गोल आखावे लागत नाहीत. वस्त्या विखुरलेल्या, मध्ये रान. शिवाय तालुक्यात काळी व्याघ्र प्रकल्प असल्याने नियम पाळून घेणारा अधिकारी पट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशात हिंडतो आणि दंडाची पावती फाडत बसत नाही.

मोबाइलपासून मुक्ती ही दुसरी पायरी. शहरात त्यासाठी शिबिरं भरतात, पैसे मोजावे लागतात. या तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांना ही मुक्ती कंपन्यांनी आपणहून दिली आहे. ऑनलाइन शाळेच्या काळात पोरं रेंजसाठी टेकडी चढत होती. भूगोलाचा तास भूगोलातच भरला, शारीरिक शिक्षण वर फुकट! जूननंतर टेकडीवर जायचं तर डोक्यावर कांबळं घ्यावं. शिक्षकांचा आवाज आणि पाऊस एकदमच आले, तर पावसाकडे लक्ष द्यावं. तो मध्येच तुटत नाही.

‘घरीच राहा’ हा मंत्र मात्र इथे जपून उच्चारावा. तालुक्याचं जुनं ठाणं सुपा; ते सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. उठवलेल्या कित्येकांना रामनगरला वसवलं. अशा माणसाला घरी राहायला सांगताना तो पोहण्याच्या तयारीनिशी आला आहे का, हे आधी पाहावं. अखंड साधनेचा आदर्श हवाच असेल तर याच काळी नदीच्या काठी, खाली कैग्याला, अणुवीज केंद्राचा पहिला संच आहे. 2018 अखेरपर्यंत तो सलग 962 दिवस चालला, जागतिक विक्रम झाला. आपले तर टाळेबंदीचे पहिले 21 दिवसच सरता सरेनात.

आहाराबद्दल फार सांगत नाही. 12 मे 2020 ला देशाला आत्मनिर्भर व्हायला सांगण्यात आलं, वीस लाख कोटींच्या पॅकेजचा आकडाही आला. जोयड्याची कुणबी बाई तेव्हा पावसाआधी कंद लावायची जागा करत असणार. तिला ही बातमी उशिरा कळली तरी चालण्यासारखं होतं. तुम्ही मात्र तिच्या कोन, मुडली या कंदांना ‘सुपरफूड’ म्हणावं, फोटो काढावा आणि भाव पाडून घ्यावा.

आता कृतज्ञता. रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहायच्या, असं जाणकार सांगतात. गावकऱ्यांना हे जमत नाही, कारण त्यांना लगेच रस्ता, दवाखाना आणि टॉवर आठवतो. ही तक्रारीची यादी झाली. तिला ग्रामसभेत जागा आहे, वहीत नाही.

शेवटची पायरी लशीची. 1 मे 2021 पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना लस खुली झाली, पण आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची. ओटीपी 180 सेकंद टिकणार; टेकडीला तो हिशेब कुणी सांगितला नव्हता. तुम्ही शहरातून बसल्या जागी पिनकोड टाकून खेड्यातल्या केंद्रावर वेळ मिळवावी आणि गाडी काढावी. त्या महिन्यात ठिकठिकाणी असंच झाल्याच्या बातम्या होत्या, तेव्हा संकोच नको. टोचून झालं की अर्धा तास तिथेच बसवतात. वही काढा. मोकळ्या रस्त्याबद्दल लिहा, शुद्ध हवेबद्दल लिहा. तिसरं काही सुचत नसेल, तर ज्याची पाळी तुम्ही घेतलीत त्याचे आभार माना. नाव माहीत नसलं तरी हरकत नाही, वहीत ‘ग्रामस्थ’ एवढं पुरतं.