दावीद राजावर वाद कसा घालावा? (नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम अभिनंदन. भांडायला विषय निवडताना तुम्ही चांगली पारख दाखवली आहे. ज्याच्या हयातीतला, त्याचे नाव असलेला एकही लेख आजवर हाती लागलेला नाही, अशा राजावर कपाटे भरतील एवढी पुस्तके लिहिली गेली आहेत. त्याचे नाणेही सापडलेले नाही. त्या काळी तिथे नाणी पाडतच नसत, पण हे आपण होऊन सांगायचे नाही. समोरचा नाण्याचा मुद्दा काढेपर्यंत राखून ठेवायचे.

पूर्वतयारी म्हणून एवढे पाठ करा. काळ इ.स.पू. १००० च्या आसपासचा. बेथलेहेमच्या इशायाचा धाकटा मुलगा, मेंढपाळ. शौल राजाच्या पदरी आला, त्याचा जावई झाला, मग जिवाच्या भीतीने पळाला. रानात टोळी जमवली, पलिष्ट्यांची चाकरी केली आणि शौल लढाईत पडल्यावर हेब्रोनात राजा झाला. तिथे साडेसात वर्षे आणि यरुशलेमेत तेहतीस, म्हणजे ठोकळ मानाने चाळीस. मुलगा शलमोन यानेही चाळीसच वर्षे राज्य केले, असे बायबल सांगते. इथे भुवई उंचावायची. एवढ्यावर तुम्ही अभ्यासक वाटू लागाल.

आता पक्ष निवडा. एका टोकाला कमालवादी : बायबलात आहे तसे मोठे राज्य होते, फक्त ते खणून काढायचे राहिले आहे. दुसऱ्या टोकाला किमानवादी : कोपनहेगनचे नील्स पेटर लेम्के आणि टॉमस टॉमसन, शेफील्डचे फिलिप डेव्हिस. त्यांचे म्हणणे असे की ही सारी कथा फार नंतर, इराणी किंवा ग्रीक अमलाच्या काळात रचली गेली आणि तीतून दहाव्या शतकाचा इतिहास काढता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये उरलेले बहुतेक सगळे विद्वान दाटीवाटीने उभे आहेत. मध्ये उभे राहण्याचा तोटा एकच, दोन्हीकडून मार बसतो.

वादाच्या सुरुवातीलाच कोणीतरी तेल दानची शिळा काढेल, तिची तयारी हवी. १९९३ साली इस्राएलच्या उत्तर टोकाला अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात मोजणीचे काम करणाऱ्या गिला कुक यांना भिंतीत बसवलेला कोरीव दगड दिसला. पुढच्या वर्षी आणखी दोन तुकडे मिळाले. मजकूर अरामी, काळ इ.स.पू. नववे शतक, आणि त्यात एक अरामी राजा, बहुतेक हजाएल, आपण कोणाकोणाला मारले याची फुशारकी मारतो. त्यात सहा अक्षरे सलग येतात : 'बैत दावीद', दाविदाचे घराणे. इतर शब्दांमध्ये सुटे करणारा ठिपका आहे, या दोहोंमध्ये नाही. झाले. तेवढ्या ठिपक्याच्या आधारावर किमानवाद्यांनी काही वर्षे किल्ला लढवला. ते एखाद्या गावाचे नाव असेल, देवाचे असेल, दगडच बनावट असेल. आज बहुतेकांनी घराण्याचा अर्थ मान्य केला आहे. तुम्ही मात्र जपून बोला. दाविदानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी शत्रूला यहूदाचे राजघराणे दाविदाच्या नावाने ठाऊक होते, इतकेच हा दगड सांगतो. त्या दाविदाने किती मुलूख जिंकला, याबद्दल तो गप्प आहे.

मेशाच्या शिळेचा विषय निघाला तर चहा मागवा. मवाबचा राजा मेशा याची ही शिळा १८६८ साली दीबानला मिळाली आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १९९४ मध्ये आंद्रे लमेर यांनी तिच्या एकतिसाव्या ओळीत 'दाविदाचे घराणे' वाचले. २०१९ मध्ये फिंकेलस्टाइन, नामान आणि रोमर यांनी त्याच जागी 'बालाक' हे नाव असावे असे सुचवले. ओळ फुटलेली आहे, त्यामुळे कोणाचीच हरकत होण्याचे कारण नाही.

दगड झाले, आता खापरे. इथून पुढे आवाज चढतात, कारण प्रश्न तारखांचा आहे. यिगाएल यादीन यांनी हासोर, मगिद्दो आणि गेझेर इथल्या सहा दालनांच्या वेशी शलमोनाच्या ठरवल्या, कारण पहिले राजे ९:१५ या वचनात ही तिन्ही गावे त्याने बांधल्याचे लिहिले आहे. गेझेरची वेस तर त्यांनी १९५८ मध्ये कुदळ न उचलता, मॅकॅलिस्टर यांच्या जुन्या नकाशात हेरली. चमत्कारच वाटावा असे काम. मग १९९६ साली तेल अवीवच्या इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी ही सगळी मातीची भांडी पन्नास ते शंभर वर्षे अलीकडे ओढली. शलमोनाच्या वेशी नंतरच्या अहाब राजाच्या घराण्याकडे गेल्या आणि दाविदाच्या वाट्याला डोंगरातले खेडे उरले. जेरुसलेमच्या अमिहाय मझार यांनी मधली वाट काढली. कार्बन-१४ ने निकाल लागेल अशी आशा होती, पण त्या मोजणीतली चूकभूल आणि वादातले अंतर जवळपास सारखेच निघाले. असा योग दैवानेच जुळवून आणावा लागतो.

एक सूचना : मझार हे नाव एकटे घेऊ नका. अमिहाय वेगळे, एलात वेगळ्या, दोघे एकाच घराण्यातले. एलात मझार यांनी २००५ मध्ये जेरुसलेमच्या 'दावीदनगरी'त जाड भिंतींची वास्तू उघडी केली आणि ती दाविदाचा वाडा असल्याचे जाहीर केले. जागा कशी ठरवली? पलिष्टी आल्याचे ऐकून दावीद गडाकडे 'खाली गेला', असे दुसऱ्या शमुवेलात आहे. म्हणजे वाडा गडाच्या वर हवा. वर खणले, भिंती लागल्या. विरोधकांनी उत्तर दिले की या सगळ्या भिंती एकाच इमारतीच्या नाहीत, काही तर कित्येक शतकांनंतरच्या आहेत. योसेफ गार्फिंकेल यांनी एला खोऱ्यातल्या खिर्बेत कैयाफा इथे दोन वेशींचा तटबंदीचा गाव खणला. ऑलिव्हच्या बिया दहाव्या शतकाच्या आसपासच्या, डुकराची हाडे नाहीत, म्हणून त्यांच्या मते हे दाविदाचे ठाणे. नामान यांना ते कनानी वाटले. फिंकेलस्टाइन आणि फांताल्किन यांनी ते शौलाच्या राज्याशी जोडले. ध्यानात घ्या, पुस्तकावर भरवसा नाही म्हणणाऱ्यांनाही नावे देताना त्याच पुस्तकाकडे जावे लागते.

म्हणूनच खरा वाद पुस्तकातच घालावा. बखरींवर वाद घातलेल्या मराठी माणसाला ही जागा ओळखीची वाटेल.

सुरुवात सोप्या विसंगतींपासून करा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात दावीद शौलापुढे वीणा वाजवतो आणि त्याचा शस्त्रवाहक होतो. सतराव्यात गल्याथाला मारल्यावर तोच शौल विचारतो, हा पोरगा कोणाचा? गल्याथाची उंची हिब्रू पाठात सहा हात एक वीत. मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळीत आणि ग्रीक भाषांतरात चार हात एक वीत. शिवाय दुसरे शमुवेल २१:१९ म्हणते की गल्याथाला बेथलेहेमच्या एलहानानाने मारले. नंतर इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्याला हे अडचणीचे वाटले असावे. त्याने एलहानानाच्या हातून गल्याथाचा भाऊ मारवला आणि दोघांची सोय केली.

पण हे किरकोळ. मोठा ऐवज आहे तो दाविदाच्या उत्कर्षाच्या कथेत, पहिले शमुवेल १६ पासून दुसरे शमुवेल ५ पर्यंत. ती वाचताना प्रत्येक मृत्यूपाशी थांबा आणि दोनच प्रश्न विचारा : फायदा कोणाचा झाला? आणि तेव्हा दावीद कुठे होता?

नाबाल घ्या. तीन हजार मेंढरे, एक हजार शेळ्या असलेला श्रीमंत. दाविदाची दहा माणसे लोकर कातरणीच्या वेळी येतात आणि नम्रपणे सांगतात की तुमच्या गुराख्यांना आम्ही त्रास दिला नाही, तुमचे काही हरवले नाही, तेव्हा हाताला येईल ते द्या. याला आपल्याकडे खंडणी म्हणतात. नाबाल तेच म्हणतो : आजकाल मालकाला सोडून पळणारे चाकर फार झालेत. काही दिवसांत तो मरतो, देवाच्या हातून. विधवा अबीगईल दाविदाची बायको होते. दाविदाच्या टोळीत कर्जात बुडालेले आणि नाराज असे चारशे जण होते, हेही तेच पुस्तक सांगते. इजिप्तमध्ये अमर्ना इथे १८८७ मध्ये मिळालेल्या इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या पत्रांत यरुशलेमचा अब्दी-हेबा फारोकडे रडतो ते 'हबिरू' टोळ्यांबद्दल. माणसे तीच नव्हेत, धंदा तोच.

शौल गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांशी लढताना मेला. दावीद तेव्हा पलिष्ट्यांचाच चाकर होता, गथचा राजा आखीश याचा. पण पुस्तक बजावून सांगते की पलिष्टी सरदारांनी त्याला लढाईआधी परत पाठवले आणि तो दूर दक्षिणेला अमालेक्यांच्या मागावर होता. तरी शौलाचा मुगुट आणि बाहुभूषण दाविदाच्या हाती आलेच. ते एका अमालेक्याने आणून दिले आणि दाविदाने त्याला तिथल्या तिथे मारले. पुढे शौलाचा सेनापती अबनेर दाविदाशी बोलणी करून निघाला, तो हेब्रोनच्या वेशीत दाविदाचा सेनापती यवाब याच्याकडून मारला गेला. दाविदाला म्हणे ठाऊक नव्हते. तो तिरडीमागे चालला, दिवसभर जेवला नाही. शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याचे शीर दोन सरदारांनी आणून दिले, दाविदाने त्यांना मारून त्यांचे हातपाय तोडले. यवाब सोडला तर साक्षीदार लगेच मरतो, आणि दावीद बहुधा मोठ्याने रडतो.

१९८० मध्ये काइल मॅकार्टर यांनी हा सगळा मजकूर दाविदाच्या बचावासाठी केलेला जबाब म्हणून वाचला. पुतण्याला हटवून गादीवर बसलेल्या हित्ती राजा हत्तुशिली तिसरा यानेही असाच लेख लिहवून घेतला होता : मला राज्य नको होते, देवीनेच दिले. बारूक हाल्पर्न आणि स्टीव्हन मॅकेंझी यांनी पुढे वकिली सोडून फिर्यादीची बाजू घेतली. त्यात अतिशय रस आहे. अतिरेकही आहे, कारण तीन हजार वर्षांनंतर कोणालाही खुनी ठरवणे सोपे असते. पण मुद्दा पटतो. आरोप हवेतले नव्हते. दुसऱ्या शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायात शौलाच्या घराण्यातला शिमी दाविदावर दगड फेकतो आणि शौलाच्या घराण्याच्या रक्ताबद्दल त्याला तोंडावर रक्तपिपासू म्हणतो.

कल्पनेतल्या राजाला अन्यत्र हजर असल्याचा पुरावा कशाला लागेल? चारशे-पाचशे वर्षांनंतर बसून आदर्श पूर्वज घडवणारा लेखक त्याला पलिष्ट्यांचा नोकर का करील? त्यात गथचीही भर घाला. आरेन माइर यांनी तेल एस-साफी इथे खणलेले हे नगर दहाव्या-नवव्या शतकात फार मोठे होते आणि हजाएलने ते नवव्या शतकातच उद्ध्वस्त केले. पुढे त्याचा तसा दबदबा राहिला नाही. दाविदाच्या कथेत मात्र गथ जोरात आहे. म्हणजे आठवण तरी त्या विध्वंसाआधीची.

माझा निकाल असा : दावीद होता. डोंगरातला टोळीनायक होता, हुशार होता, त्याच्यावर खुनांचे संशय होते, आणि त्याचे राज्य पुस्तकात आहे त्यापेक्षा बरेच लहान होते. किमानवाद्यांनी कमालवाद्यांना शिस्त लावली, पण त्यांना दाविदाला पुसता आले नाही.

तुम्हाला हे पटायलाच हवे असे नाही. एवढेच करा, कोणाशी भांडण्याआधी शमुवेलाची दोन्ही पुस्तके मराठी बायबलमधून सलग वाचून काढा. समोरच्याने ती वाचलेली असतील, असे धरून मात्र चालू नका.