कापाकापीतली उमेदवारी

जामखेडचा जो मुलगा पुण्याला टीव्हीच्या माहितीपटांचं एडिटिंग शिकायला म्हणून उमेदवारीला लागतो, तो पहिल्या सुट्टीत घरी येतो तेव्हा गळ्यात हेडफोन असतो आणि समोरचा बोलायला लागला की त्याचे डोळे बारीक होतात. तो ऐकत नसतो, कुठून कापता येईल ते बघत असतो. आजोबा खर्ड्याची लढाई सांगायला बसले की गाडी नेहमीप्रमाणे पहिला निजाम दख्खनेत कसा आला इथून निघते. नातू म्हणतो, "आजोबा, डायरेक्ट 1795 वर या. आधीचं सगळं स्लो आहे." आईला म्हणतो, "हे तू सकाळीच बोललीस, रिपीट होतंय." आई लाटणं उगारते. तेवढा शॉट मात्र त्याला ओके वाटतो.

गावाच्या लेखी तो शूटिंगवाला. एसटी स्टँडवर विचारणा ठरलेली: कुठल्या चॅनलला लागणार, आम्ही दिसणार का, आणि पगार किती? शेवटच्या प्रश्नाला तो "सध्या अनुभव मिळतोय" असं उत्तर देतो. वडील नुकतेच तूर घालून आलेले असतात. ते विचारतात, "बाजार समितीत काय भाव चाललाय अनुभवाला?" आई मध्ये पडते. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्सलाच शिकले, 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे तिला पाठ आहे. वडिलांना 'सैराट' तेवढा माहीत. तो किती कोटींना गेला हेही माहीत.

पोराची मूळ विद्या लग्नाच्या मिक्सिंगची. मिक्सिंगचा धर्म एकच, काही कापायचं नाही. फेटा बांधलेला प्रत्येक मामा, आहेराचं पाकीट देणारा प्रत्येक पाहुणा, आशीर्वाद द्यायला उशिरा आलेला पुढारी, सगळे आले पाहिजेत. एक मावसा गळाला तर पुढच्या दोन लग्नांत बोलणं बंद. नवरा-नवरी बदामाच्या आकारातून उगवतात, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि सगळं मिळून चार तास चालतं.

माहितीपटाचा धर्म बरोबर उलटा. कित्येक तासांचं चित्रीकरण, आणि अर्ध्या तासाच्या स्लॉटात बसवायची 26 मिनिटं. पहिल्याच जोडणीत यानं आजीबाई आणि दवाखाना यांच्यामध्ये पान उलटण्याचा इफेक्ट टाकला. सीनियर मॅडम चहा तसाच ठेवून बाहेर गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्याला कात्रीच्या जवळ कुणी येऊ दिलं नाही. कार्ड रिकामं कर, दोन हार्ड डिस्कवर कॉपी कर, आवाज आणि चित्र जुळव, क्लिपना नावं दे. सेकंदाला 25 फ्रेम. त्यातल्या दोन-तीन जरी इकडच्या तिकडे झाल्या, तरी ओठ आधी आणि शब्द मागून. मुलाखतीनंतर खोलीची नुसती शांतताही अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची असते, जोडकामाला लागते. जामखेडात अर्धा मिनिट शांतता! कुकर तरी होतो, नाहीतर बीड गाडीचा हॉर्न तरी.

हो, चित्रीकरण जामखेडचंच होतं. बाहेरचा कॅमेरा आमच्या तालुक्यात येतो तो एक तर अहिल्यादेवींच्या चोंडीला, नाहीतर आरोळ्यांच्या प्रकल्पावर. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली इथं काम सुरू केलं. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. 1979 साली दोघांना मॅगसेसे मिळालं. तेव्हापासून इतके पाहुणे येऊन गेलेत, की इथल्या काही आज्या माइक पदराला कुठं अडकवायचा हे स्वतःच दाखवतात.

अशाच एका आजीची मुलाखत याच्याकडे उतरवायला आली. हे काम त्याला हलकं वाटायचं. पुण्यातल्यांनी आजीचं बोलणं "जाऊ द्या आता त्ये" इथं संपलं असं धरलं होतं. कॅमेरा चालूच होता, पण पुढं कुणी ऐकलं नव्हतं. यानं ऐकलं. आमच्याकडं म्हातारं माणूस "जाऊ द्या" म्हणालं, की खरी गोष्ट तिथून सुरू होते. थोडा वेळ आजी गप्प. मग पदर सारखा करून सांगायला लागली: "ज्या घरात माझ्या हातचं पानी चालत नव्हतं, त्याच घरचा मानूस रात्री कंदील घिऊन आला, सून अडली म्हनून."

मॅडमनी ते तीनदा ऐकलं. गप्प बसलेले क्षण कापायचे का, असं यानं विचारलं. एक फ्रेमसुद्धा नाही, म्हणाल्या. माहितीपट आता तिथूनच सुरू होतो. श्रेयनामावलीत याचं नाव शेवटून दुसरं आहे, ड्रायव्हरच्या खाली.

वडिलांनी तो माहितीपट बघितला, मिशीवरून हात फिरवला आणि "आवाज बारका हाय" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी बाजार समितीत त्यांनी भाव विचारायच्या आधी तीन अडत्यांना मोबाइलवर आजी दाखवली.

पोरगा कामाचा आहे. कुणाला माणूस हवा असेल तर जरूर बोलवा, पगार मात्र द्या. फक्त यंदाच्या सराईत लग्नाचं मिक्सिंग त्याच्याकडे टाकू नका. सगळं लग्न 13 मिनिटांत उरकेल आणि त्यात नवरदेव असेलच, याची खात्री मी देत नाही.