काटकसर आता परवडत नाही

हाराजुकूचे तारुण्य वारले, अशी बातमी २०१७च्या फेब्रुवारीत आली आणि जगभरच्या चाळिशी उलटलेल्या मंडळींनी सुतक धरले. बातमीला आधार होता शोइची आओकी या छायाचित्रकाराचा. टोकियोतल्या त्या भागात उभे राहून तो १९९७पासून येणाऱ्याजाणाऱ्या पोरापोरींचे नखशिखान्त फोटो ‘फ्रूट्स’ मासिकात छापत होता. मासिक थांबवताना त्याने कारण दिले, की फोटो काढण्याजोगी पोरे उरलीच नाहीत. वाचक संपल्याने मासिके बंद पडतात, विषय संपल्याने बंद पडलेले हे विरळाच. (विषय संपल्यावरही सदरे वर्षानुवर्षे चालतात. प्रस्तुत सदर त्यात धरू नये.)

आमचे एक स्नेही या सुतकात आजही आहेत. फ्रूट्सची जुनी पाने ते फोनवर जपमाळेसारखी ओढत असतात. जुना किमोनो, खाली जीन्स, त्याखाली वीटभर उंचीचे बूट. कपाळावरच्या केसांत लहान मुलांच्या प्लास्टिकच्या क्लिपा, मोजायचा कंटाळा येईल इतक्या. ‘‘खिशात दमडी नाही, पण डोक्यात काय कल्पना!’’ असे म्हणून ते उसासा टाकतात.

फोटोखालचा मजकूर मात्र ते वाचत नाहीत. तिथे पोरीचे वय, सध्याचे वेड आणि अंगावरची प्रत्येक वस्तू कुठून आली याचा तपशील असे. स्कर्ट स्वतः शिवलेला, सदरा जुन्या बाजारातला, इथवर सगळे आठवणींना साजेसे. मग मधेच व्हिव्हियन वेस्टवुड किंवा कॉम दे गार्सों ही नावे येतात, आणि ती काही मूठभर चण्यांच्या भावात मिळत नसत. पोरी अर्धवेळ नोकऱ्या करून पैसे साठवीत, बुटांवर उधळीत आणि उरलेल्या अंगाचे जुन्यापान्यात भागवीत. यालाही काटकसरच म्हणायचे, पण ती जरा खर्चिक होती.

शाळकरी पोरींचा हिशेब त्याहून चोख होता. गणवेशाचा स्कर्ट कमरेला दोन वळ्या घालून आखूड करायचा, घराच्या वळणावर पुन्हा सोडायचा; खर्च शून्य येन. ढगळ पांढरे मोजे पोटरीवर टिकावेत म्हणून चक्क गोंद लावीत. तेव्हा याच पिढीकडे पाहून देश बुडाल्याची चिन्हे मोठ्यांना दिसत होती. आता तेच मोजे दुकानांत परत आलेत आणि मोठ्यांचे डोळे पाणावतात.

मरणाचे कारण? हाराजुकूचा एक रस्ता १९७७पासून रविवारी वाहनांना बंद असे. पोरे तिथे नाचत, वाजवत, मिरवत. १९९८ साली तो वाहनांना खुला झाला. त्याच वर्षी हाराजुकूत युनिक्लोचे दुकान उघडले आणि फ्लीसचे जाकीट १९०० येनला मिळू लागले. अख्खा जपान ते घालून फिरला. सुईदोऱ्याला लागणाऱ्या वेळापेक्षा तयार कपडा स्वस्त झाल्यावर डोके कोण चालवणार? स्वस्ताईने काटकसरीचा गळा दाबला आणि पंचनाम्यात कोणाचेच नाव आले नाही. २०२३मध्ये युनिक्लोची ही स्वस्ताई आमच्या मुंबईत कुर्ल्याच्या मॉलमध्ये पोचली. इथे तिला स्वस्ताई म्हणण्याचे धाडस होत नाही, तो भाग वेगळा.

फाटक्याची किंमत वाढवण्यात जपानचा हात धरणारा कोणी नाही. कॉम दे गार्सोंच्या रेई कावाकुबोबाईंनी १९८२ साली विणकामयंत्राचे स्क्रू सैल करून स्वेटरला मुद्दाम भोके पाडली. आज ते संग्रहालयात आहे. आमच्या स्वेटरला भोके आपोआप पडतात, पण संग्रहालयाचा माणूस अद्याप फिरकलेला नाही. उत्तरेकडच्या आओमोरीत थंडीमुळे कापूस पिकत नसे, म्हणून शेतकरी ठिगळावर ठिगळ चढवून तोच कपडा पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवीत. त्या ‘बोरो’ची त्यांना लाज वाटे. आता तोच कपडा संग्राहकांच्या भिंतीवर आहे. त्याची किंमत त्या शेतकऱ्याला कळली असती, तर त्याने आधी शेत विकून तो घेतला असता.

तर आमचे स्नेही. परवा त्यांच्या सोळा वर्षांच्या लेकीने कपाटातली विरलेली पैठणी काढली, पदर कापला आणि बाबांच्या जुन्या रेनकोटावर मागून टाचला. बाह्यांना शाळेच्या टायच्या पट्ट्या. केसांत कपडे वाळत घालायचे चिमटे. फ्रूट्सच्या मुखपृष्ठावर शोभली असती.

‘‘अगं, आजीची पैठणी आहे ती!’’ स्नेही किंचाळले.

‘‘विरली होती, बाबा. बोहारणीला द्यायची म्हणून आईनेच बाजूला ठेवलेली.’’

‘‘आणि लोक काय म्हणतील? आधी काढ ते.’’ मग फोन खिशात सारून, आवाज जरा मऊ करून म्हणाले, ‘‘जपानी पद्धतीचंच काही घालायचं असेल, तर तसं सांग ना. रविवारी कुर्ल्याला जाऊ, विकत घेऊ.’’