बंगई कोणाला?

तेरवीच्या पंगतीत बापूसाहेबांच्या शेजारी बसू नका. पानात आलू-वांग्याची भाजी पडायच्या आत ते विचारतात, "कागद केला काय?" आपण सात-बारा, घरटॅक्सची पावती, पेन्शनचा हयातीचा दाखला असे सगळे कागद आठवू लागतो. "मृत्युपत्र, भाऊ! आता याच्याच घरचं पाहा नं. गेला तो मोकया झाला, कागद करून नाई गेला. आता पाहा मजा." हे ते गेलेल्याच्या थोरल्या पोराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात. तो बुंदी वाढत असतो. बापूसाहेबांच्या पानात बुंदी कमी पडते.

अमरावतीच्या साईनगरात राहा की अकोल्याच्या जठारपेठेत, असे एक बापूसाहेब तुमच्याही ओळखीचे असणारच. आमचे जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. नोकरीभर दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढले, आता स्वतःच्या मृत्युपत्रावर काढतात. दोन्ही मुलं पुण्यात, मुलगी अकोल्याला दिलेली. इस्टेट म्हणाल तर दुमजली घर, बडनेरा रस्त्याला एक प्लॉट, मूर्तिजापूरकडे थोडं वावर, बँकेत ठेवी आणि माजघरातली सागवानी बंगई. घर, वावर आणि ठेवी यांची वाटणी एकदा ठरली ती ठरली. बदलते ती बंगई.

थोरल्याने दिवाळीला यायचं रद्द केलं, बंगई धाकट्याला. धाकट्याच्या बायकोने "पण फ्लॅटमध्ये टांगायची कुठे?" असं विचारलं, बंगई अकोल्याला. जावयाने तिच्यावर बसून कडी फार कुरकुरते अशी तक्रार केली, बंगई पुन्हा थोरल्याला. शेवटचं मृत्युपत्र खरं, आधीची रद्द, हा नियम करताना कायदेवाल्यांनी बापूसाहेबांना पुढ्यात बसवलं असावं. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. खर्च काय तो साक्षीदारांच्या चहाचा.

साक्षीदार दोन लागतात, आणि तिथे आपण सापडतो. "शुगर किती रायते तुमची? उपाशीपोटी?" मी एकशे चाळीस म्हणालो. "मंग नाई जमत. साक्षीदार माह्या मागं जगला पायजे." मला बाद करून त्यांनी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराला धरलं. आत काय लिहिलंय हे त्याला आजही ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नसते. बापूसाहेबांनी सही आपली म्हणून त्याच्यासमोर केली आणि त्याने त्यांच्यासमोर केली, की झालं.

"नॉमिनी लावलाय, आता कशाला मृत्युपत्र?" असं म्हणणाऱ्याचा हात धरून ते त्याला भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभं करतात. हे कॅलेंडर काढणाऱ्या जयंत साळगावकरांच्या वारसांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला, की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी तेवढ्याने मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. आपण तिथी पाहायला गेलेलो असतो.

थोरल्याने एकदा बक्षीसपत्राचा विषय काढला. राहतं घर मुलाला दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये. "बाप्पा! दोनशे रुपयात घर पोराचं, अन् मी तिथं पाव्हना!" त्यावर मुलाने 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 सांगितलं: सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, अट मोडली तर परत घेता येतं. बापूसाहेबांना हे कलम मुलाच्या आधीपासून पाठ. "अट लिहून घ्या लागते. अन् नाई सांभाळलं तं ऐंशीव्या वर्षी एसडीओच्या हापिसात चकरा मी मारू?" मग पुण्याच्या भाच्याने ट्रस्ट सुचवला. अमरावतीच्या माणसाला ट्रस्ट म्हटलं की पॅनल, निवडणूक आणि धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्टच आठवतो. बंगईसाठी पॅनल उभं करायची त्यांची तयारी नव्हती. (होती असंही मला वाटतं.)

या माणसाची मला चीड येते, आणि ती टिकवायची असेल तर त्यांच्या घरी संध्याकाळी जाऊ नये. काकूंना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्याचं बिल मेडिक्लेमने भरलं. त्या घरी आल्या आणि खरा खर्च सुरू झाला: दिवसाची बाई, रात्रीची बाई, डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना 2024 पासून आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात भरती झालात तर. घरातल्या खाटेला ते चालत नाही. मुलं फोनवर "बाबा, काही लागलं तर सांगा" म्हणत राहिली. बापूसाहेबांनी काही सांगितलं नाही. मृत्युपत्रात धाकट्याच्या नावे असलेला बडनेरा रस्त्याचा प्लॉट विकला, आणि तो बायांच्या पगारात जिरतो आहे.

संध्याकाळी दिवसाची बाई काकूंना बंगईवर बसवते, पडू नये म्हणून जुन्या लुगड्याने कमरेशी बांधते आणि हलका झोका देते. काकूंची वाचा गेली आहे. कडी कुरकुरली की मात्र हसतात. बापूसाहेब त्या कडीला कोणाला तेल घालू देत नाहीत.

ताज्या मृत्युपत्रात बंगई त्या बाईला दिली आहे. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मले कायले बंगई? माह्या टिनाच्या घराले कडी कुठी हाये टांगाले? त्यापरीस पगार वाढवा." बापूसाहेबांनी पगार वाढवला आणि बंगईही तिच्याच नावे ठेवली. या कागदावर दुसरा साक्षीदार मी आहे. शुगर विचारली नाही. बंगईच्या मोहाने मी तो कागद पूर्ण वाचला. पहिलं कलम बंगईचं नाही: माझ्या मागे पत्नी हयात असल्यास तिच्या सेवेचा संपूर्ण खर्च आधी, उरेल ते वारसांनी वाटून घ्यावं. तुमचं मृत्युपत्र झालं असेल तर असं कलम त्यात आहे का, तेवढं काढून पाहा.