कॅप्टन हवा, अमेरिका नको

छातीवर पांढरा तारा, पोटावर लाल-पांढरे पट्टे, हातात त्याच रंगांची ढाल. आता या गृहस्थाचा देश कोणता, हे जगापासून लपवायचं कसं? मार्व्हलने २०११ साली त्यावर सोपा तोडगा काढला. ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ हा सिनेमा रशिया, युक्रेन आणि दक्षिण कोरियात नुसता ‘द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ म्हणून लागला. तारा जागेवर, पट्टे जागेवर, फक्त पाटी उतरवली. रशियाचं एक वेळ समजू शकतो. पण दक्षिण कोरियात अमेरिकेचे अठ्ठावीस हजारांच्या आसपास खरेखुरे सैनिक तळ ठोकून आहेत. ते उजळ माथ्याने राहतात आणि पडद्यावरचा खोटा सैनिक नाव चोरून आत शिरतो!

एवढं करूनही गल्ला जगभर मिळून ३७ कोटी डॉलर. त्याच उन्हाळ्यात आलेल्या ‘थॉर’ने ४५ कोटींच्या आसपास कमावले. थॉर पडला देव, त्याचा पासपोर्ट कोण बघतो?

जर्मनीची तऱ्हा आणखी मजेशीर. तिथे पहिला भाग पूर्ण नावानिशी लागला. मग कुणाला काय उपरती झाली कोण जाणे, २०१४चा दुसरा भाग ‘द रिटर्न ऑफ द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ झाला आणि २०१६चा तिसरा ‘द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर : सिव्हिल वॉर’. या तिसऱ्या भागातली सर्वांत मोठी हाणामारी कुठे होते? लाइपझिगच्या विमानतळावर. म्हणजे पाटीवर अमेरिका चालत नाही, धावपट्टीवर चालते.

आपल्याकडे मात्र नावाला कात्री लागली नाही. व्हिसाच्या रांगेत उभा असलेला प्रेक्षक ‘अमेरिका’ या शब्दाला कशाला बिचकेल? ‘एंडगेम’मध्ये कॅप्टनने थॉरचा हातोडा उचलला, तेव्हा आपल्या थिएटरांतल्या शिट्ट्या ऐकून तो इथलाच कुणी असावा असं वाटत होतं.

तसा पहिला सिनेमाही स्वतःच्या झेंड्याला जरा लाजतोच. त्यात सरकार या कॅप्टनला लढायला न पाठवता युद्धरोखे विकायला स्टेजवर उभं करतं. मागे नाचणाऱ्या पोरी, समोर खोटा हिटलर, आणि भाषण पाठ नाही म्हणून ढालीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद! पुढे इटलीत खऱ्या सैनिकांपुढे हाच खेळ होतो, तेव्हा टोमॅटो पडतात. मूळ कॉमिकवाल्या सायमन आणि कर्बी यांना अशी लाज नव्हती. त्यांचा पहिला अंक डिसेंबर १९४०मध्ये आला आणि मुखपृष्ठावरच कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारत होता. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा वर्ष बाकी होतं.

आता खरी गंमत. हा कॅप्टन आपल्याच सरकारच्या विरोधात जायला लागला, तसा त्याचा बाहेरचा भाव वधारला. दुसऱ्या भागात त्याचीच सुरक्षा-संस्था आतून किडलेली निघते. गल्ला ७१ कोटी. तिसऱ्यात तो फरार होतो. गल्ला ११५ कोटी, त्यातले दोन तृतीयांशाच्या जवळपास परदेशातले. बंडखोर अमेरिकन जगाला फार आवडतो, असं म्हणून समीक्षक मोकळे झाले.

पण तो बंड कशाविरुद्ध करतो, ते बघा. ११७ देश मिळून एक करार करतात. त्यांचं म्हणणं एवढंच की, या सुपरहिरोंनी हवं त्या देशात घुसून इमारती पाडू नयेत, आधी संयुक्त राष्ट्रांना विचारावं. मागणी अगदीच माफक. लागोसमध्ये यांच्या कारवाईत निरपराध माणसं नुकतीच मेलेली असतात. कॅप्टन म्हणतो, सही करणार नाही. आमचं आम्हाला कळतं. वॉशिंग्टनची परराष्ट्रनीती इतक्या मोजक्या शब्दांत कुणी मांडली नसेल. आणि ज्यांना वाटेला लावलं, त्यांनीच तिकिटं काढून टाळ्या वाजवल्या. नाव खोडायचा उपद्व्याप उगाच केला म्हणायचा.

२०२५मध्ये नव्या कॅप्टनची पाळी आली. ती भूमिका करणारा अँथनी मॅकी रोममध्ये बोलता बोलता म्हणून गेला की, हे पात्र अनेक गोष्टींचं प्रतीक आहे, पण ‘अमेरिका’ ही त्यातली एक असू नये. परदेशी पत्रकारांपुढे खपून जाईल असं वाक्य. पण ते घरी ऐकू गेलं आणि गहजब झाला. लगेच खुलासा आला : मला अमेरिकन असल्याचा अभिमान आहे. सिनेमाने ४१ कोटींच्या आसपास कमावले, निम्मे घरचे, निम्मे बाहेरचे. दोन्हीकडचे सारखेच नाराज.

चिनी मंडळी असली लपवाछपवी करत नाहीत. २०१७च्या ‘वुल्फ वॉरियर २’मध्ये नायक वू जिंग स्वतःच्या हाताचीच काठी करून त्यावर झेंडा फडकवतो आणि समोरचे बंदूकवाले गोळीबार थांबवतात. शेवटी पडद्यावर चिनी पासपोर्ट. ८७ कोटी डॉलर आले, ते जवळजवळ सगळे चीनमधूनच. बाहेरच्यांना पटवायची गरजच पडली नाही.

फक्त खलनायक तेवढा बाहेरून आणला होता : फ्रँक ग्रिलो. हाच ग्रिलो आदल्या वर्षी कॅप्टनच्या सिनेमात खलनायक होऊन लागोसमध्ये मेला होता. वू जिंगने त्याला पुन्हा मारला, तोही आफ्रिकेतल्याच एका देशात. त्या देशाला चिनी लेखकांनी नावसुद्धा दिलं नव्हतं.