दहाहजारी

मे महिन्यात मुंबईहून युरोपला निघणाऱ्या कुठल्याही ग्रुप टूरमध्ये काही माणसं ठरलेली असतात. विमानतळावरच पुरी-भाजीचा डबा उघडणारं एक कुटुंब असतं. नुकतंच लग्न झालेलं आणि पॅरिसपर्यंत कुणाशी न बोलणारं एक जोडपं असतं. ‘आमच्या अमेरिकेच्या टूरमध्ये असं नव्हतं हं’ म्हणणाऱ्या एक मावशी असतात. अलीकडे या मंडळींत एका नव्या गृहस्थांची भर पडली आहे. बॅगा चेक-इन झाल्या की बाकीचे खुर्च्या धरतात आणि हे चालायला लागतात.

वय साठीच्या पुढे, पासष्टच्या आत. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. टाचेशी नारिंगी पट्टा असलेले बूट, आणि डाव्या मनगटावर मुलाने वाढदिवसाला दिलेलं, पावलं मोजणारं घड्याळ. विमानतळावर सरकते पट्टे असतात. पायपीट वाचावी म्हणून कुणीतरी कोट्यवधी रुपये खर्चून ते बसवलेले असतात. हे मात्र त्या पट्ट्याला समांतर, साध्या जमिनीवरून, पट्ट्यावर निवांत उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाशी शर्यत लावून चालतात. शर्यत चालू आहे हे त्या तरुणाला माहीत नसतं. काका जिंकतात आणि वळून पुन्हा मागे येतात.

टूरमध्ये त्यांचं नाव पडलं ‘दहाहजारी’. मोगलांच्या दरबारात पंचहजारी मनसब मिळाली तरी माणूस मिशांवरून हात फिरवायचा. यांची मनसब त्याच्या दुप्पट. फरक इतकाच, की ती रोज रात्री बाराला खालसा होते आणि सकाळी पुन्हा शून्यापासून कमवावी लागते.

दहा हजार हा आकडा वेदांतून आला असावा अशा श्रद्धेने ते तो उच्चारतात. वास्तविक तो जपानमधून आला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे व्यायामाची लाट आली, आणि 1965 साली एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल, लक्षात राहायला सोपा. जाहिरातवाल्याला आणखी काय हवं? काकांना हे सांगून उपयोग नसतो. टूरमधल्या एका डॉक्टरीणबाईंनी प्रयत्न केला. अमेरिकेत 2019 साली वयस्कर स्त्रियांची पाहणी झाली, त्यात साडेसात हजार पावलांच्या पुढे फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही, असं त्यांनी बसमध्ये सांगितलं.

“ते बायकांचं झालं,” काका म्हणाले.

पुढच्या सीटवरून काकांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, मान वळवली. “मग माझं साडेसातला संपलं ना? उद्यापासून मागे लागू नका.”

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. माणूस आळशी नाही, ढोंगी तर नाहीच. पुण्यात भल्या पहाटे टेकडी चढतो, रविवारी सिंहगड करतो, शुगर खरोखरच ताब्यात आणली आहे. पण बाकी टेकडीवाल्यांना गार वारा हवा असतो, गप्पा हव्या असतात आणि उतरल्यावर पोहे हवे असतात. यांना हवा असतो जमाखर्च. छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश टॅली केल्याशिवाय घरी न गेलेला हा माणूस आहे. निवृत्तीनंतर टॅली करायला काही उरलं नाही, तेव्हा मुलाने ते घड्याळ आणून दिलं. तेव्हापासून शाखा पुन्हा उघडली. सलग 612 दिवस एकही दिवस तूट नाही. घड्याळ त्याला स्ट्रीक म्हणतं. काकांच्या दृष्टीने ती सर्व्हिस बुकातली नोंद आहे.

त्यामुळे युरोपला जायचं ठरलं तेव्हा वहिनींनी थर्मल कुठले घ्यायचे ते बघितलं, आणि काकांनी एक्सेल उघडलं. उन्हाळ्यात युरोप आपल्या साडेतीन तास मागे. म्हणजे जाण्याचा दिवस साडेसत्तावीस तासांचा, वाटेल तेवढा वेळ. परतीचा दिवस मात्र साडेवीस तासांचाच, आणि त्यातही आठ-नऊ तास विमानात. त्या रकान्याला त्यांनी लाल रंग दिला होता आणि बाजूला शेरा लिहिला होता : ‘पहाटे 4 ला उठणे. दोघांनी.’

दुसरी तयारी प्रथिनांची. प्रोटीनची पावडर मूळ डब्यातून काढून झिपच्या पिशवीत भरली, वजन वाचावं म्हणून. वहिनींनी त्याच मापाच्या पिशव्यांत भाजणी, मेतकूट आणि सातूचं पीठ भरलं. मुंबईच्या विमानतळावर सुरक्षेच्या जवानाने हातातली बॅग उघडली तेव्हा त्याच्यापुढे फिकट रंगाच्या, लेबल नसलेल्या, गच्च दाबलेल्या चार पिशव्या ओळीने निघाल्या. “ये क्या है?” काका म्हणाले, “प्रोटीन है.” वहिनी म्हणाल्या, “थालीपीठ है.” दोघं एकाच पिशवीकडे बोट दाखवत होती. मागची रांग थांबली. जवानाने साहेबाला बोलावलं, साहेबाने वास घेतला. त्याला मेतकुटाची पिशवी मिळाली हे आपलं नशीब. असा वास येणारी वस्तू कोणी लपवून नेणार नाही, याची त्याला खात्री पटली असावी.

(त्या गोंधळात पिशव्यांची अदलाबदल झाली ती झालीच. पॅरिसमधल्या दुसऱ्या सकाळी काकांनी दोन मोठे चमचे भाजणी थंड पाण्यात घालून शेकर भराभरा हलवला आणि उभ्याने संपवला. “कंपनीने फ्लेवर बदलला वाटतं,” एवढंच म्हणाले.)

पॅरिसच्या हॉटेलातली खोली पाहून आपल्याकडच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो बॅग उघडायची कुठे. काकांना पडतो तो सूर्यनमस्कार कुठे घालायचे. आता औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार साता समुद्रापार नेले, लंडनमध्ये 1938 साली त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. पण ते राजे होते, त्यांच्या खोल्या मोठ्या असणार. इथे पलंग आणि भिंत यांच्यामध्ये एक पायपुसणं मावेल एवढी जागा. हात वर केले की दिव्याची शेड हलायची. खाली वाकले की डोकं टेबलाखाली. पाय मागे टाकला की तो बाथरूमच्या दाराला लागायचा, दार उघडायचं आणि आतला दिवा आपोआप लागायचा. बारा नमस्कारांत तो दिवा चोवीस वेळा लागला आणि विझला. वहिनी पलंगावर डोळ्यांवर ओढणी घेऊन पडून होत्या. नंतर ब्रेकफास्टला म्हणाल्या, “पहाटे रेल्वेचं फाटक बघतेय असं वाटत होतं.”

ब्रेकफास्टचा विषय निघालाच आहे तर तोही. चार उकडलेली अंडी, बलक काढून. ते बलक वहिनींच्या बशीत, कारण टाकायचं नाही हा संस्कार. क्रोसाँकडे बघायचं नाही. रात्री टूरवाले भारतीय हॉटेलात नेतात, तिथे तीच डाळ, तोच जिरा राइस, तेच पनीर आणि शेवटी एकेक गुलाबजाम. काका घड्याळ बघतात. बारा हजार झाले असतील तर वरचे दोन हजार गुलाबजामच्या खात्यात वळते होतात. पंधरा झाले असतील तर शेजारच्या डायबेटिसवाल्या आजोबांचाही गुलाबजाम सत्कारणी लागतो.

आयफेल टॉवरचा दिवस हा त्यांच्या सहलीचा कळस. टूरच्या पैशांत लिफ्टचं तिकीट होतं. काकांनी टूर मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं, की आपण जिन्याने जाणार. जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत आहे, 674 पायऱ्या. शिवाय त्याचं तिकीट लिफ्टपेक्षा स्वस्त. व्यायामही होतो आणि वर पैसेही वाचतात, असा योग पुणेकराच्या पत्रिकेत क्वचित येतो. मॅनेजर म्हणाला, लिफ्टचं तिकीट आधीच काढलंय, त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. क्षणभर काका डळमळले. मग त्यांनी स्वतःच्या खिशातून जिन्याचं तिकीट काढलं. हा त्याग किती मोठा होता हे ज्याने बँकेतल्या माणसाबरोबर प्रवास केला आहे तोच जाणे.

लिफ्टच्या रांगेतली मंडळी वर पोचली तेव्हा काका कठड्याशी उभे होते. शर्ट भिजलेला, चेहरा लालबुंद, नजर मनगटावर. खाली सीन नदी, समोर सगळं पॅरिस ऊन खात पसरलेलं.

“काय, कसं वाटतंय?” कुणीतरी विचारलं.

“अडतीस मजले दाखवतंय,” काका म्हणाले.

उतरतानाही ते जिन्यानेच उतरले. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड जातं हे सिंहगडावर त्यांनीच अनेकांना सांगितलेलं आहे. पण लिफ्टने उतरणं त्यांना खोट्या व्हाउचरसारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पॅरिस ते ल्युसर्न, दिवसभर बस. बैठ्या दिवसाचं संकट मोठं, पण युरोपचा कायदा त्यांच्या बाजूने होता. तिथे बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. स्वतःच्या विश्रांतीची नोंद ठेवणारा ड्रायव्हर आणि स्वतःच्या चालण्याची नोंद ठेवणारे काका, दोघांची पहिल्या थांब्यावरच गट्टी जमली. बाकीचे लोक स्वच्छतागृहाचे पैसे जास्त की कॉफीचे याची चर्चा करत उभे असताना काकांनी ट्रकच्या पार्किंगला प्रदक्षिणा सुरू केल्या. तिथे एक ट्रकवाला छोट्या गॅसवर सूप गरम करत बसला होता. पहिल्या फेरीला त्याने नुसतं पाहिलं. तिसऱ्या फेरीला मान डोलावली. सहाव्या फेरीला त्याला वाटलं असावं, की हा माणूस हरवला आहे, किंवा उपाशी आहे. त्याने पावाचा तुकडा पुढे केला. काकांनी न थांबता नमस्कार केला आणि पुढे गेले. नवव्या फेरीत उजवा गुडघा बोलला.

ल्युसर्नला पोचेपर्यंत तो टम्म सुजला होता. खरी चुटपुट पुढेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये जंगलांतून व्यायामाच्या वाटा आखलेल्या आहेत. 1968 साली झुरिकला पहिली झाली, आता देशभर सुमारे पाचशे आहेत. ठरावीक अंतरावर पाट्या, कड्या, ओंडके. कुणीही यावं, फुकट व्यायाम करावा. फुकट! काकांनी हॉटेलजवळची वाट पुण्यातच शोधून नकाशावर खूण करून ठेवली होती. आता, दुसऱ्या सकाळी, ती वाट खिडकीबाहेरच्या त्या हिरव्या डोंगरात कुठेतरी होती आणि काका खिडकीच्या आत, पाय उशीवर, गुडघ्यावर रिसेप्शनवरून आणलेला बर्फ. आणि घड्याळात 214.

“एक दिवस राहू दे ना,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, सहाशे एकोणीस दिवस झालेत.”

मग त्यांनी अशी गोष्ट केली, जी बँकेत त्यांनी कुणाला कधी करू दिली नसती. घड्याळ मनगटावरून काढलं आणि वहिनींच्या हातात बांधलं. पासवर्ड दुसऱ्याला देताना माणसाचा चेहरा होतो तसा चेहरा झाला होता. “जरा भरभर चाल,” एवढी सूचना केली.

वहिनींनी आयुष्यात व्यायाम म्हणून एक पाऊल टाकलेलं नाही. त्या मैत्रिणींबरोबर आधी लाकडी चॅपल ब्रिजवरून गेल्या आणि पलीकडून फोटो चांगला येईना म्हणून परत आल्या. मग खडकात कोरलेला तो मरणासन्न सिंह पाहिला. मग चॉकलेट. घरी, सोसायटीत आणि भिशीत मिळून किती जणींना द्यायचं याची यादी होती. एका दुकानात भाव बघितला, दुसऱ्यात तेच चॉकलेट थोडं स्वस्त निघालं, तिसऱ्यात मोठ्या पाकिटावर सूट होती, पण पाकीट दिसायला साधं होतं, म्हणून पुन्हा पहिल्या दुकानात. तिथे गेल्यावर डॉक्टरीणबाईंना आठवलं, की छत्री दुसऱ्या दुकानात राहिली. संध्याकाळी मावशींना तळ्याकाठचे हंस बघायचे होते. हंस पलीकडच्या काठाला होते.

रात्री त्या खोलीत आल्या, पिशव्या खाली टाकल्या आणि म्हणाल्या, “तो सिंह पाहून तुमचीच आठवण आली हो. असाच पडलाय बिचारा.”

काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी घड्याळ काढून घेतलं, चष्मा लावला, मग चष्मा पुसून पुन्हा लावला. 23,870. सहाशे दिवसांत त्यांचा स्वतःचा सर्वांत मोठा आकडा साडेएकवीस हजार होता, तोही सिंहगड अधिक पर्वती. घड्याळाच्या पडद्यावर रंगीत फटाके उडत होते आणि ‘तुमचा नवा विक्रम’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत येत होतं.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग स्क्रीनशॉट काढला आणि टेकडीच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द : ‘ल्युसर्न.’ पुण्यात मध्यरात्र उलटली होती, तरी दोन मिनिटांत पहिला अंगठा आला. मग ‘सर, दंडवत!’ मग ‘या वयात!’ मग पूर्वी त्यांच्याच शाखेत असलेल्या एकाचं, ‘आम्ही इथे टेकडीवर धापा टाकतोय आणि साहेब आल्प्सवर.’ काका प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होते.

वहिनी पायांना तेल चोळत हे सगळं बघत होत्या.

“उद्या माउंट टिटलिस आहे,” काका फोनवरून नजर न काढता म्हणाले. “तिथे बर्फात चालायला मिळेल. घड्याळ चार्जिंगला लावतो. सकाळी लवकर बांध म्हणजे ब्रेकफास्टची पावलंही धरली जातील.”

“उद्या मी केबल कारने वर जाणार, वर खुर्ची मिळाली की बसणार आणि गरम चॉकलेट पिणार,” वहिनी म्हणाल्या. “घड्याळ त्या नवीन लग्न झालेल्या मुलाला द्या. त्याची बायको त्याला फोटोसाठी दिवसभर मागे-पुढे पळवतेय.”

काकांनी फोन खाली ठेवला. “किती नंबरच्या खोलीत आहेत गं ते?”